मॉडेलमधले टन आणि काट्यावरचे टन: माझा अनुभव
गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणीत दर महिन्याला तोच वाद: ब्लॉक मॉडेलपेक्षा (जमिनीखालचं खनिज चौकोनी ठोकळ्यांत मांडून केलेला संगणकी अंदाज) वजनकाट्यावर टन जास्त, लोहाचं प्रमाण मात्र कमी. जिऑलॉजीवाले आणि उत्पादनवाले एकमेकांकडे बोट दाखवायचे.

आधी ओलावा तपासला. मॉडेल कोरड्या टनांत, काटा मात्र ओले टन मोजतो. ओलावा ९ टक्के धरला तर काट्यावरच्या १०,००० टनांत ९०० टन नुसतं पाणी! वर्षभर एकच आकडा वापरणं थांबवलं. दर शिफ्टला ट्रकमधून नमुना घेऊन १०५ अंशांवर वाळवायला लागलो.

तरी ग्रेड, म्हणजे लोहाचं प्रमाण, जुळेना, म्हणून बेंचवर (खाणीतल्या खोदाईच्या पायरीवर) जाऊन उभा राहिलो. खनिज आणि चिकणमातीची हद्द तिरकी उतरते, एक्स्कॅव्हेटरची बकेट मात्र सरळ ओढते. दर फेरीला थोडी माती आत. हद्दीवर चुन्याची रेघ मारून घेतली, तिथे छोटं मशीन लावलं. शिवाय प्रत्यक्ष खोदाईचा सर्व्हे घेऊन मॉडेल त्याच आकारात कापलं. तुलना एकाच जागेतल्या मालाची नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. स्टॉकपाइलमधली, म्हणजे खोदून साठवलेल्या ढिगातली, महिनाभरातली घटवाढही हिशेबात धरायलाच हवी.

आता मॉडेल ते ग्रेड कंट्रोल (खोदाईआधी जवळजवळचे नमुने घेऊन केलेला बारीक अंदाज) आणि ग्रेड कंट्रोल ते काटा अशी दोन गुणोत्तरं वेगळी काढतो. फरक कोणत्या टप्प्यावर पडला ते लगेच दिसतं.