बाजारातलं कन्नड: आधी दहाचे आकडे

बेळगावच्या भाजीबाजारात 'एष्ट री?' म्हणजे 'कितीला?' हे आपल्यापैकी बहुतेकांना विचारता येतं. अडतं ते उत्तर कळण्यात. मग लगेच हिंदी सुरू होतं.

सगळी उजळणी नको. आधी एवढेच पाठ करा: हत्तु १०, इप्पत्तु २०, मूवत्तु ३०, नलवत्तु ४०, ऐवत्तु ५०. पेंडीचा भाव बहुतेक यातच बसतो.

मावशींनी सांगितलेला आकडा आपण परत म्हणायचा, हातात मेथी धरून: 'इप्पत्त री?' चुकलं तर त्या लगेच सुधारतात. माझे आकडे असेच पक्के झाले.

मूरु ३ आणि नूरु १००, हे दोन नीट ऐका. आणि 'कोडु' (दे) एकेरी होतं. 'कोड्री' (द्या) म्हणा, मोठ्या माणसाला तर नक्कीच.