'जाण्याचा', 'जायला', 'जाणारा': इंग्रजी नामापुढे गतिवाचक क्रियापद कसे जोडावे

'जाण्याचा निर्णय', 'आत येण्याची परवानगी', 'डोंगर चढण्याचा प्रयत्न' अशा रचनांत मराठी क्रियापद आधी सांगते आणि नाम शेवटी ठेवते. इंग्रजीत हा क्रम उलटा होतो: आधी नाम, मग 'टू' आणि त्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप, म्हणजे 'डिसिजन टू गो', 'परमिशन टू एंटर', 'अटेम्प्ट टू क्लाइंब'. क्रम उलटण्याची सवय थोड्या सरावाने होते. खरी अडचण पुढे आहे. मराठीतल्या एकाच 'ण्याचा'साठी इंग्रजीत दोन वेगळ्या रचना आहेत. 'चढण्याचा प्रयत्न' म्हणजे 'अटेम्प्ट टू क्लाइंब', पण 'पडण्याचा धोका' म्हणजे 'रिस्क ऑफ फॉलिंग'. तिथे 'रिस्क टू फॉल' चालत नाही. मराठी रूप दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे मराठी कानावर विसंबून ही निवड करता येत नाही. ती नामाकडे पाहूनच करावी लागते.

नामाकडे पाहण्याची सर्वांत उपयोगी रीत म्हणजे त्याचे मूळ शोधणे. नाम ज्या क्रियापदापासून किंवा विशेषणापासून आले आहे, त्याच्यापुढे 'टू' येत असेल, तर बहुतेक वेळा नामापुढेही 'टू'च येतो. 'डिसाइड टू लीव्ह' म्हणतात, म्हणून 'डिसिजन टू लीव्ह'. 'रिफ्यूज टू मूव्ह' म्हणून 'रिफ्यूझल टू मूव्ह'. 'प्रॉमिस टू रिटर्न' हे तर क्रियापद आणि नाम दोन्ही म्हणून चालते. विशेषणांचेही तसेच आहे: 'एबल टू वॉक'वरून 'अबिलिटी टू वॉक', 'विलिंग टू ट्रॅव्हल'वरून 'विलिंगनेस टू ट्रॅव्हल', 'रिलक्टंट टू गो'वरून 'रिलक्टन्स टू गो'. अपवाद थोडे आहेत, पण नेहमीच्या वापरातले असल्यामुळे ते पाठच करावेत. 'होप टू रिटर्न' हे क्रियापद म्हणून बरोबर असले, तरी परतण्याची आशा सांगताना 'होप ऑफ रिटर्निंग' म्हणतात. 'प्रिफर टू वॉक' चालते, पण 'प्रेफरन्स'पुढे 'फॉर वॉकिंग' येते. 'इंटेन्शन' दोन्ही रचना स्वीकारते.

'राइट', 'चान्स', 'ऑपॉर्च्युनिटी', 'परमिशन', 'करेज' यांसारख्या नामांना ही कसोटी नीट लागत नाही. तिथे अर्थ पाहावा. एखादी कृती करण्याची मोकळीक, बळ, संधी किंवा आज्ञा नाम सांगत असेल, तर 'टू' येतो. कृतीविषयीची कल्पना, सवय, शक्यता किंवा भीती सांगत असेल, तर 'ऑफ' आणि 'इंग' लागलेले रूप येते. म्हणून 'ऑर्डर टू मार्च', 'करेज टू जंप', पण 'हॅबिट ऑफ वॉकिंग', 'आयडिया ऑफ मूव्हिंग', 'फिअर ऑफ फ्लाइंग'. 'चान्स' या एकाच नामात हा भेद स्वच्छ दिसतो. 'अ चान्स टू रीच द समिट' म्हणजे शिखर गाठण्याची संधी आणि 'द चान्स ऑफ रीचिंग द समिट' म्हणजे शिखर गाठले जाण्याची शक्यता. संधी मिळालेल्या गिर्यारोहकाला शक्यता फारशी अनुकूल नसू शकते, आणि इंग्रजी हे दोन अर्थ केवळ या रचनाभेदाने वेगळे ठेवते.

मराठी बोलणाऱ्याला आणखी एक कसोटी उपलब्ध आहे. 'ण्याचा'च्या जागी 'आयला'चे रूप ठेवून वाक्य कानाला पटते का, ते पाहावे. 'निघायला नकार दिला', 'आत यायला परवानगी मिळाली', 'पळायला संधी मिळाली' ही वाक्ये सहज वाटतात आणि तिन्ही नामांना इंग्रजीत 'टू' लागतो. 'पडायला धोका' किंवा 'चालायला सवय' असे कोणी म्हणत नाही आणि तिथे इंग्रजीत 'ऑफ' आहे. मात्र ही कसोटी अर्धीच आहे. 'जायला निर्णय' हेही मराठीत चालत नाही, तरी 'डिसिजन'पुढे 'टू' येतोच. उलट 'चालायला त्रास होतो' हे अस्सल मराठी वाक्य असूनही इंग्रजीत 'ट्रबल वॉकिंग' असे म्हणतात, आणि 'विमानात बसायला भीती वाटते' यावरून 'फिअर टू फ्लाय' करता येत नाही. थोडक्यात, त्रास, अडचण, भीती आणि उशीर यांच्या बाबतीत 'आयला'वर भरवसा ठेवू नये.

'आयला'चा दुसरा उपयोग वेगळ्या प्रकारच्या नामांपाशी होतो. 'ओलांडायला पूल', 'बसायला खुर्ची', 'चालायला रस्ता' यांत नाम ही वस्तू असते आणि क्रियापद तिचा उपयोग सांगते. इंग्रजीत 'अ ब्रिज टू क्रॉस' सरळ होते, कारण पूल हे 'क्रॉस'चे थेट कर्म आहे. पण खुर्चीवर बसतात आणि रस्त्यावरून चालतात. म्हणून ते 'वर' इंग्रजीत शेवटी लोंबकळत ठेवावे लागते: 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ रोड टू वॉक ऑन'. हा शेवटचा 'ऑन' मराठी लेखणीतून हमखास गळतो, कारण 'बसायला खुर्ची'मध्ये 'वर' उच्चारलाच जात नाही. 'प्लेस' आणि 'टाइम' या नामांना मात्र ही सवलत आहे: 'अ प्लेस टू गो', 'टाइम टू लीव्ह'.

तिसरे मराठी रूप 'णारा'. 'एव्हरेस्ट चढणारी पहिली स्त्री' हे इंग्रजीत 'द फर्स्ट वुमन टू क्लाइंब एव्हरेस्ट' असे होते. 1975 साली हा मान जुन्को ताबेई यांना मिळाला. तसेच 1963 साली अंतराळात गेलेल्या व्हॅलेंतिना तेरेश्कोवा 'द फर्स्ट वुमन टू ट्रॅव्हल इन्टू स्पेस', आणि 14 डिसेंबर 1911 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेली आमुंडसेन यांची तुकडी 'द फर्स्ट एक्स्पिडिशन टू रीच द साउथ पोल'. या घटना घडून गेल्या आहेत, तरी क्रियापदाला भूतकाळ लागत नाही. 'फर्स्ट', 'लास्ट', 'नेक्स्ट', 'ओन्ली' यांच्या सोबतीने आलेल्या नामाला ही रचना लागू पडते, आणि काळ मुख्य क्रियापदावर सोडायचा असतो: 'शी वॉज द लास्ट पर्सन टू लीव्ह'. 'टू लेफ्ट' किंवा 'टू वेंट' कोणत्याच परिस्थितीत होत नाही.

आता गतिवाचक क्रियापदांच्या स्वतःच्या लहरी. 'गो', 'कम' आणि 'रिटर्न' यांना स्थळ सांगताना 'टू' हवा. 'एंटर', 'रीच', 'लीव्ह', 'अप्रोच' यांना स्थळापूर्वी काहीच नको. 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील तेरावे कलम यासाठी उत्तम नमुना आहे: 'एव्हरीवन हॅज द राइट टू लीव्ह एनी कंट्री, इन्क्लूडिंग हिज ओन, अँड टू रिटर्न टू हिज कंट्री.' 'लीव्ह'नंतर देश थेट येतो, 'रिटर्न'नंतर मात्र दुसरा 'टू' येतो, आणि एकाच 'राइट'ला दोन क्रियापदे जोडताना 'टू'ची पुनरुक्ती केलेली आहे. मराठीतला 'मधून', 'पर्यंत' किंवा 'त' तसाच उचलून 'लीव्ह फ्रॉम', 'रीच टू', 'एंटर इन' लिहिण्याचा मोह मूळ मराठीच्या घडणीतूनच येतो.

याच कलमाच्या पहिल्या भागात 'द राइट टू फ्रीडम ऑफ मूव्हमेंट' असे शब्द आहेत. तिथला 'टू' क्रियापदाचा नाही. त्याच्यापुढे नाम आले आहे. हा दुसरा 'टू' फसवा आहे. 'ऑब्जेक्शन', 'ऑपोझिशन', 'अव्हर्जन' यांच्यापुढे नेहमी हाच असतो, म्हणून 'ऑब्जेक्शन टू गोइंग' बरोबर आणि 'ऑब्जेक्शन टू गो' चूक. ओळखण्याची खूण सोपी आहे: 'टू'नंतर 'दॅट' ठेवून पाहावे. 'ऑब्जेक्शन टू दॅट' अर्थपूर्ण आहे, 'डिसिजन टू दॅट' नाही.

कृती करणारा नामाच्या मालकाहून वेगळा असेल, तर त्याला 'फॉर'ने मध्ये आणावे: 'द सिग्नल फॉर द ट्रेन टू मूव्ह'. नकार 'टू'च्या आधी येतो: 'हर डिसिजन नॉट टू गो'. 'परमिशन' या अर्थाने अगणनीय असल्यामुळे तिच्या आधी 'अ' लावू नये. लवकर निघण्याच्या अर्जात 'आय रिक्वेस्ट परमिशन टू लीव्ह अर्ली' एवढे पुरते.

शेवटी एक पूर्ण वाक्यखंड सोडवून पाहू: 'वाहून जाण्याचा धोका असतानाही पोहत नदी ओलांडण्याचा त्यांचा निर्णय'. मुख्य नाम 'निर्णय', म्हणून सुरुवात 'देअर डिसिजन टू'ने. पुढे 'पोहत ओलांडणे' याचे दोन शब्दांत भाषांतर न करता, इंग्रजीच्या पद्धतीने गतीची तऱ्हा क्रियापदात आणि दिशा अव्ययात टाकायची: 'स्विम अक्रॉस द रिव्हर'. धोक्याला 'ऑफ' हवा आणि वाहून नेणारे पाणी असल्यामुळे क्रियापद कर्मणी हवे. जुळवल्यावर मिळते: 'देअर डिसिजन टू स्विम अक्रॉस द रिव्हर डिस्पाइट द रिस्क ऑफ बीइंग स्वेप्ट अवे.'