सीटपोस्ट अडकू नये म्हणून कुठलं ग्रीस?

रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, त्यामुळे गंज आमच्या घरचाच. तरी सीटपोस्टकडे, म्हणजे सायकलच्या सीटखालच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या दांड्याकडे, माझं लक्ष नव्हतं. फ्रेम स्टीलची, पोस्ट ॲल्युमिनियमचा. दोन पावसाळे तो जागचा हलवला नाही. मग भाच्याला सायकल द्यायची म्हणून सीट खाली घ्यायला गेलो, तर बोल्ट सुटला, पोस्ट ढिम्म. शेवटी मेकॅनिकने सायकल उलटी करून पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळलं आणि आम्ही दोघांनी अख्खी फ्रेमच फिरवली. अंगावर काटा येईल असा करकराट. बाहेर आलेल्या पोस्टवर रांगोळीसारखी पांढरी भुकटी होती.

ती भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, की झाली बॅटरी. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते आणि आत तर केसाएवढीच फट. पोस्ट पाचरीसारखा बसतो.

म्हणजे इथे ग्रीस लावायचं ते गुळगुळीतपणासाठी नाही, पाणी बाहेर ठेवायला. निवडही त्याच हिशेबाने. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारं साधं लिथियमचं एपी-३ पुण्या-नाशिककडे चालून जातं, वेळेवर बदललं तर. किनाऱ्यावर मात्र बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन मरीन ग्रीस मागा. डब्यावर ‘कॅल्शियम सल्फोनेट’ दिसलं तर उत्तमच, ते पाण्याला सहज दाद देत नाही. खात्री हवी तर हॅकसॉ ब्लेडचे तुकडे रंग खरवडून घ्या, प्रत्येकाला वेगळं ग्रीस फासा आणि आठवडाभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. मी हे स्वयंपाकघरात केलं आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

मशीनचं तेल, स्प्रे यांच्या भरवशावर राहू नका, पहिल्या मोठ्या पावसात ते धुऊन जातं. फ्रेम टायटॅनियमची असेल तर ग्रीसऐवजी अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) घ्या. फ्रेम किंवा पोस्ट कार्बन फायबरचा असेल तर साधं ग्रीस नकोच, पोस्ट घसरतो. त्यासाठी बारीक कणांची कार्बन पेस्ट वेगळी मिळते.

लावताना आधी पोस्टवर चिकटपट्टीने उंचीची खूण करा. पोस्ट काढा, सायकल उलटी करून आतलं पाणी निथळू द्या, काठीला फडकं गुंडाळून फ्रेमची नळी आतून पुसा. मग नळीच्या आत आणि पोस्टच्या आत जाणाऱ्या भागावर पातळ थर. थापायचं नाही. पोस्ट गोल फिरवत खाली घाला, वर आलेलं ग्रीस पुसा. बोल्टच्या आट्यांनाही थोडंसं लावा आणि क्लॅम्पवर (पोस्ट आवळून धरणाऱ्या कडीवर) छापलंय तेवढंच आवळा, बऱ्याच क्लॅम्पवर ५ न्यूटन-मीटर असतं. पोस्टवरची ‘मिनिमम’ची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

हे मी वर्षातून दोनदा करतो: मेअखेर आणि दसऱ्याच्या आसपास.

आणि एक. बहुतेक फ्रेमना क्लॅम्पखालची फट मागच्या बाजूला असते, म्हणजे मागच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट तिच्यात. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून सीट बसवण्याआधी पोस्टवर चढवा आणि सांध्यावर ओढून घ्या. दिसायला गबाळं दिसतं. भाचा तर तो काढूनच टाकतो, मी परत चढवतो.