मंडळीतल्या बहिणींचा मोकळा गट कसा उभा करावा

उपासना संपली की चर्चच्या दारात एक संवाद हमखास ऐकू येतो. "कशा आहात ताई?" "प्रभूच्या कृपेने छान." उत्तर खोटं नसतं, पण पुष्कळदा अपुरं असतं. मनात नोकरी सुटल्याची काळजी असते, किंवा कित्येक दिवस प्रार्थनाच होत नाही याची खंत असते. हे सगळं निर्धास्तपणे बोलता येईल असा गट तुम्हाला उभा करायचा असेल, तर पुढच्या गोष्टी करून पाहा.

चौघी-पाचजणींपासून सुरुवात करा

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 16वा अध्याय काढून वाचा. फिलिप्पै शहराच्या वेशीबाहेर, नदीकाठी काही स्त्रिया शब्बाथ म्हणजे विसाव्याच्या दिवशी प्रार्थनेला जमत. प्रेषित पौल त्यांच्यात जाऊन बसला आणि बोलू लागला. जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाने तिथे वचन ऐकलं, बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या घराचं दार उघडलं. सभागृह नव्हतं, समिती नव्हती.

पाळकांच्या कानावर घाला, वार आणि वेळ ठरवा. पंधरवड्यातून एकदा दीड तास पुरतो. मात्र ठरलेली वेळ सारखी बदलू नका. वेळ बदलली की सगळ्यात आधी गळते ती नोकरी करणारी, किंवा घरात आजारी माणूस असलेली. म्हणजे जिला या सोबतीची सर्वांत जास्त गरज आहे तीच. आणि कोणाच्या घरी जमणार असाल तर पाहुणचार साधाच ठेवा. पहिल्याच घरी थाटमाट झाला, तर लहान घर असलेली बहीण आपल्याकडे बोलवायचा विचार तिथेच सोडून देते.

पुढाकार घेणारी उत्तम वक्ती असायला हवी असं मुळीच नाही. मेरी समनर यांनी 1876 मध्ये इंग्लंडमध्ये 'मदर्स युनियन' सुरू केली, तेव्हा पहिल्या सभेत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी जमलेल्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं. ती संघटना आजही अनेक देशांत काम करते आहे.

नाव घेऊन बोलवा

"सर्व बहिणींनी यावे" असं वेदीवरून सांगितलं की प्रत्येकीला वाटतं, हे दुसऱ्या कोणासाठी तरी आहे. मंडळीतली अविवाहित बहीण, विधवा, घटस्फोट झालेली, मूल नसलेली, जिचा नवरा चर्चला येत नाही ती, यांना समोरासमोर भेटून बोलवा. मग विषयही तसेच निवडा. दर वेळी संसार आणि मुलांचं संगोपन एवढंच बोललं गेलं, तर यांतल्या निम्म्याजणी नुसत्या ऐकत बसतील. लुदियाच्या किंवा मार्था-मरीया या बहिणींच्या नवऱ्याबद्दल शास्त्रात एक शब्दही नाही, तरी प्रभूच्या कामात त्यांची जागा पक्की आहे.

वयाची सरमिसळ जरूर होऊ द्या. येशूची आई होणारी तरुण मरीया वयस्कर नातलग अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली, असं लूक सांगतो. अशी सोबत दोघींनाही बळ देते. नवीन बहीण आली की तिच्याशेजारी कोणीतरी बसावं, वचन कुठे आहे ते काढून द्यावं. पहिल्याच दिवशी तिला मोठ्याने प्रार्थना करायला सांगू नका.

ऐकलेलं बाहेर जाऊ देऊ नका

माझ्या मते गट तगतो की मोडतो ते इथेच ठरतं. आपल्याकडे चुगली क्वचितच उघडपणे येते. ती प्रार्थनेचा विषय बनून येते. "अमकीच्या घरी बरं चाललेलं नाही, प्रार्थनेत आठवण करा." सांगणारीचा हेतू चांगलाही असेल, पण ती गोष्ट ज्या बहिणीची होती ती पुन्हा कधी तोंड उघडत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत नियम स्पष्ट बोलून ठरवा: दुसरीची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय कुठेही सांगायची नाही, नवऱ्याला नाही, पाळकबाईंना नाही, ग्रुपवर तर नाहीच.

एकच अपवाद ठेवा, आणि तोही आधीच सांगा. कोणाच्या जिवाला धोका असेल, घरात मारहाण होत असेल, तर मदत आणायचीच. अशा बहिणीला "सहन कर, प्रार्थना कर" म्हणून परत पाठवू नका. आधी तिला सुरक्षित जागी पोहोचवा, आणि पुढची पावलं तिला विचारून उचला.

उत्तर देण्याची घाई टाळा

समजा, एखादी हळूच म्हणाली, "दोन महिने झाले, बायबल उघडवतच नाही." लगेच तिघी सरसावतात. एक वचन सांगते, दुसरी स्वतःची साक्ष, तिसरी म्हणते, "विश्वास कमी पडतोय." बोलणारी मान डोलावते आणि विषय बदलते. त्याऐवजी क्षणभर शांत राहा. मग विचारा, "कधीपासून असं वाटतंय? आत्ता तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" प्रार्थना तिने सांगितलं तेवढ्याचीच करा, प्रार्थनेतून उपदेश नको. आठवडाभराने तिला आवर्जून फोन करा. "एकमेकांची ओझी वाहा" हे वचन बैठकीपुरतं नाही.

पुढाकार घेणारीने कधीतरी स्वतःची अडचणही मांडावी. मात्र जुनी, सुटलेली नको, आज चालू असलेली सांगा. त्याशिवाय बाकीच्यांना धीर येत नाही.

भांडण झालं तर

होईलच. नदीकाठच्या प्रार्थनेतून उभ्या राहिलेल्या त्याच फिलिप्पैच्या मंडळीत पुढे युवदिया आणि सुंतुखे यांचं बिनसलं. पौलाने पत्रात दोघींची नावं घेऊन एकचित्त व्हायची विनंती केली, सुवार्तेच्या कामात दोघी आपल्याबरोबर झटल्या याची आठवण दिली आणि तिसऱ्या सहकाऱ्याला मध्ये पडायला सांगितलं. चूक कोणाची, हे त्याने लिहिलं नाही. तुम्हीही दोघींना आधी वेगवेगळं भेटा, मग एकत्र बसवा. बाकीच्यांनी बाजू घेऊ नये.

गट बारा जणींच्या पुढे गेला की दोन करा. त्याहून मोठ्या घोळक्यात अबोल बहिणीची पाळी येतच नाही.

आणि एखादी यायची थांबली, तर "हल्ली दिसत नाहीस" असा टोमणा नको. "तुझी आठवण आली, कशी आहेस?" एवढंच विचारा. तिला बोलायचं असेल तर ऐका. नसेल, तर पुढच्या बैठकीची वेळ सांगून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा फोन करा.