फातोर्डा असो की नेरूळ, परतीचं आधी ठरवा

कोकणात राहून आंतरराष्ट्रीय फुटबॉल मैदानात बसून बघायचा तर हाताशी मुख्य अशा दोन जागा आहेत. खाली मडगावचं फातोर्डा स्टेडियम, वर नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील. २०१७ च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या वर्ल्ड कपचे सामने दोन्हीकडे झाले, आणि इराणने जर्मनीला ४-० धुतलं ते फातोर्ड्यातच. २०२२ मध्ये मुलींच्या त्याच वयोगटाच्या वर्ल्ड कपची फायनल नेरूळला झाली. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. म्हणजे बघण्यासारखा खेळ अधूनमधून आपल्या रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना येतोच.

सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीवाल्यांनी फातोर्डा धरावं, खेड-चिपळूणवाल्यांनी नेरूळ. रत्नागिरीकरांना दोन्हीकडे जाता येतं आणि दोन्हीबद्दल कुरकुरही करता येते.

तारीख

देशांच्या मुख्य संघांचे सामने बहुतेक करून फिफाने ठरवून दिलेल्या विंडोमध्ये, म्हणजे ठरावीक दिवसांत होतात. २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन विंडो एकत्र केल्या आहेत. २०२६ ची आहे २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर, आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला. चाकरमान्यांच्या परतीच्या गर्दीत तुमची मॅच येऊ शकते, हे आत्ताच डोक्यात ठेवा. मैदान जाहीर झाल्याशिवाय मात्र एक रुपयाही खर्च करू नका.

परतीचा हिशेब

इथेच सगळ्यांचं गणित फिसकटतं. जाणं सोपं असतं; सकाळी उठून कुठल्याही गाडीने जाता येतं. मॅच सुरू होते संध्याकाळी साडेसात-आठला, संपते साडेनऊ-दहाला. मग घरी कसं यायचं, हे लोक हाफटाइमला विचारायला लागतात.

आधी फातोर्डा. कोकणकन्या एक्सप्रेस मडगावहून संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला सुटते, म्हणजे मॅच सुरू व्हायच्याही आधी. वंदे भारत आणि जनशताब्दी त्याआधीच, दुपारी निघून जातात. रात्री उशिरा केरळकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या काही गाड्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच आपल्या छोट्या स्टेशनांवर थांबत नाहीत आणि काही आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच धावतात. रात्री दहानंतर कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची बस मिळेल या भरवशावर राहू नका. गोव्यात ओला-उबर नाहीत. त्यामुळे माझं मत पक्कं आहे: रात्री मडगावात राहा आणि सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने परत या. खोली घ्यायची ती मडगाव शहरात, कदंब स्टँडच्या आसपास किंवा स्टेशनच्या बाजूला. कोलवा-बाणावलीला ‘बीचपण होईल’ म्हणून खोली घेणारे रात्री अकराला टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत उभे असतात.

दुसरी भानगड पावसाळी वेळापत्रकाची. कोकण रेल्वेचं हे वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. त्या काळात गाड्या सावकाश धावतात, मडगावहून सुटायच्या वेळा बदलतात आणि वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस असते. भारत-सिंगापूर मॅच फातोर्ड्याला झाली ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. ऊन रखरखत असलं तरी रेल्वेच्या लेखी तेव्हा पावसाळाच होता. मे महिन्यात पाठ केलेल्या वेळा ऑक्टोबरात कामाच्या नाहीत.

आता नेरूळ. इथे परतीची सोय खरं तर फार छान आहे, आणि म्हणूनच लोक बेसावध राहतात. मॅच संपली की नेरूळहून लोकलने पनवेल गाठायचं, आणि मागून कोकणकन्या येते. पण ती सीएसएमटीहून सुटते रात्री अकरानंतर, आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. मॅच शनिवारी असेल तर पनवेलहून तुमची गाडी रविवारची. तिकीट ‘पनवेल ते कुडाळ’ असं शोधलंत तर तारीख रविवारची टाकायची, ‘सीएसएमटी ते कुडाळ’ शोधलंत तर शनिवारची. तीच गाडी, तोच डबा. ठाण्याला ती बाराच्या आत येते, म्हणून ठाण्याहून चढलात तर तारीख पुन्हा शनिवारची. तुतारी तर दादरहूनच १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे सगळे जिला शनिवार रात्रीची तुतारी म्हणतात ती रेल्वेच्या हिशेबात पहिल्या स्टेशनपासूनच रविवारची.

आमच्या ग्रुपमधले दोघं एकदा पनवेलच्या फलाटावर कन्फर्म तिकीट हातात घेऊन उभे होते. टीसीने मोबाईलच्या स्क्रीनवर तारखेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, “ही गाडी काल रात्रीच गेली.” म्हणून माझा नियम असा की पैसे भरायच्या आधी स्क्रीनवरची तारीख आणि वार मोठ्याने वाचायचा, आणि शेजारी कोणीतरी ऐकणारं हवं. बायको असेल तर उत्तम, ती चूक सोडत नाही.

पनवेलहून कन्फर्म मिळत नसेल तर सीएसएमटीपासून बघा. चार पैसे जास्त जातात, पण बऱ्याचदा जागा असते. मात्र मग बोर्डिंग पॉइंट (चढायचं स्टेशन) पनवेल करून घ्या, तोही वेळेत. नाहीतर तुम्ही पनवेलला पोचेपर्यंत तुमच्या बर्थवर दुसरा कोणी घोरत असेल.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. मैदान त्याहून उशिरा जाहीर झालं तर तत्काळ: गाडी पहिल्या स्टेशनवरून सुटते त्याच्या आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. आधार जोडलेलं खातं हवं. वेटिंगवर मनाची समजूत घालू नका. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं.

मॅचचं तिकीट

परतीचं जमलं की मगच हे काढा. अधिकृत विक्रीचा दुवा संघाच्या किंवा महासंघाच्या पानावर असतो, तिथूनच. आणि एका खेळाडूसाठी तिकीट काढू नका. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र फातोर्ड्यात एफसी गोवाशी खेळायला आला, पण रोनाल्डो आलाच नाही. जे फुटबॉल बघायला गेले त्यांना गोव्याने २-१ पर्यंत झुंजवलेली मॅच मिळाली. जे रोनाल्डोला बघायला गेले ते अजून बोलतात.

मैदानावर

मडगाव स्टेशन एका टोकाला, फातोर्डा दुसऱ्या टोकाला. पायलट (मोटरसायकल टॅक्सी) किंवा रिक्षा करा. कदंब स्टँडवरून चालत जाता येतं. नेरूळला रविवारी जात असाल तर हार्बरचा मेगाब्लॉक बघून निघा.

गेटवर बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक यांवरून अडवतात. काय चालतं ते तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. बाईकवाल्यांनी हेल्मेट गाडीलाच कुलपाने अडकवावं. ते आत नेऊ देत नाहीत, आणि ‘इथे ठेव, कोण नेतंय’ म्हणून गेटजवळ रचलेल्या ढिगातून रात्री स्वतःचं काळं हेल्मेट ओळखून दाखवा. जेवण मॅचनंतर. गोव्यात गाड्यावरचं रस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) त्या वेळी छान लागतं.

स्वतःच्या गाडीने जाणारे

“काय नाय रे, दोन तासाचो तर रस्तो,” असं सांगणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. सावंतवाडीपासून दिवसा, रिकाम्या रस्त्याला, ते जवळपास खरंही आहे. मॅच सुटल्यावर फातोर्ड्यातून बाहेर पडायलाच अर्धा तास जातो, आणि पुढे पणजी, पर्वरी, म्हापसा ओलांडायचं असतं. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने दुपारी झोप काढलेली असावी आणि मॅचमध्ये पाण्याशिवाय काही घेतलेलं नसावं. असा माणूस तुमच्यात नसेल तर खोली घ्या.

आणि डिकीत बाटल्या भरू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडून बांद्याला लागलात की पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे. अंगात जर्सी आणि वेळ रात्री एक-दीडची असेल, तर डिकी उघडायला सांगणारच.