नावात आय७ आहे म्हणून लॅपटॉप वेगवान ठरत नाही

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप घ्यायला गेलात की ‘प्रोसेसर आय७ आहे’ एवढ्यावर थांबू नका. प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटचं अक्षर वाचा. इंटेलचा लॅपटॉपमधला आय७-१३५५यू आणि डेस्कटॉपचा आय५-१३४००, दोघांतही कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, १०च. पण पहिल्यात वेगवान कोअर फक्त २, दुसऱ्यात ६. मूळ वीजमर्यादा ‘यू’वाल्या पहिल्याची १५ वॅट, दुसऱ्याची ६५ वॅट. त्यामुळे व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवताना, आय५ सहज पुढे जातो. लॅपटॉपमधले ‘एच’वाले ४५ वॅटचे प्रोसेसर बरेच जवळ येतात, तरी आय७-१३७००एचमध्ये १४ कोअर, तर डेस्कटॉपच्या आय७-१३७००मध्ये १६.

तुलना करायची तर लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हीकडे सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची १० मिनिटांची मल्टिकोअर (सगळे कोअर वापरणारी) चाचणी चालवा, लॅपटॉपला चार्जर लावूनच. एकाच फेरीचा आकडा फसवतो: सुरुवातीला प्रोसेसर जास्त वॅट खेचतो, मग तापला की वेग उतरतो. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून वॅट आणि तापमान बघत राहा. आणि दुकानातल्या एसीतला आकडा धरू नका. मे महिन्यातल्या दुपारी, घरी पंख्याखाली जो येतो तोच रोज मिळणार. लॅपटॉप टेबलावरच ठेवा. गादीवर खालची जाळी बुजते.