केबल महाग घेतली, तरी आवाज का बिघडतो? गिटार आणि साऊंडच्या वायरींतल्या या चुका टाळा

गिटार शिकायला लागून दोन महिने झालेले असतात, तारांना गंज चढलेला असतो, आणि दुकानात पहिला प्रश्न येतो, "टोनसाठी कुठली केबल घेऊ?" उत्तर म्हणून काचेच्या कपाटातून सोनेरी टोकांची केबल निघते. निम्म्या तक्रारी केबलच्या किमतीमुळे नसतातच. चुकीच्या जातीची केबल चुकीच्या भोकात गेलेली असते.

गाणं वाजतंय, गायिका कुठंय?

खारघरच्या एका सोसायटीतला गणपतीचा कार्यक्रम. मुलींचा नाच, गाणं लॅपटॉपवर. लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत एकच केबल: एका टोकाला ईपी पिन, म्हणजे हेडफोनची ३.५ मिलिमीटरची, दुसऱ्या टोकाला कॅनन, म्हणजे माइकच्या केबलला असते तशी तीन पिनांची एक्सएलआर. नवीकोरी, जाडजूड, चांगली महागातली. गाणं सुरू झालं तर व्हायोलिनं दोन्ही बाजूंनी भरून आली, ढोलकी कुठूनतरी विहिरीतून वाजल्यासारखी, आणि गायिका बेपत्ता. साऊंडवाल्यानं मिड वाढवले. मग स्पीकर बदलला. मग "फाइलच खराब आहे" म्हणून गाणं पुन्हा डाऊनलोड झालं. शेवटी एका काकांनी तीच पिन आपल्या फोनला लावली आणि सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ चालू केला. आता काहीच वाजेना. मुली स्टेजवर हात वर करून उभ्याच्या उभ्या.

केबल तुटलेली नव्हती. कॅननचा बॅलन्स्ड इनपुट पिन २ मधून पिन ३ वजा करतो. वाटेत दोन्ही तारांत सारखीच शिरलेली गुणगुण रद्द व्हावी, म्हणून ही सोय. त्या केबलमध्ये मात्र डावा चॅनल पिन २ ला होता आणि उजवा पिन ३ ला. मिक्सर इमानेइतबारे डाव्यातून उजवा वजा करत होता. गायकाचा आवाज आणि बास सहसा दोन्ही चॅनलमध्ये सारखे मिसळलेले असतात. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. फोन मोनोवर टाकल्यावर दोन्ही चॅनल एकच झाले, म्हणून सगळंच शून्य. काकांनी नकळत सगळ्यात चोख चाचणी केली होती, फक्त निकाल कोणी वाचला नाही.

लॅपटॉपसाठी एक स्टिरिओ ईपी आणि दोन मोनो पी-३८ (गिटारला लागते ती ६.३५ मिलिमीटरची जाड पिन) अशी वाय केबल ठेवा. मिक्सरचे दोन चॅनल घ्या, एकाचा पॅन (आवाज डावा-उजवा करणारी खुंटी) डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. अंतर जास्त असेल तर मध्ये स्टिरिओ डीआय बॉक्स, म्हणजे साधा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी. ऐनवेळी यातलं काहीच हाताशी नसेल तर फोनवर मोनो चालू करून बॅलन्सची पट्टी पूर्ण डावीकडे सरकवा. उजवा गप्प झाला की वजा करायला काही उरत नाही आणि गाणं परत येतं.

पी-३८ दिसली की घुसव

गिटारची केबल आणि अँपपासून स्पीकरपर्यंतची केबल, दोन्हींच्या टोकाला तीच ६.३५ मिलिमीटरची पिन असू शकते. म्हणून दोन्ही एकच, असं समजणाऱ्यांची कमी नाही. पिनचं झाकण फिरवून आत बघा. एक बारीक तार आणि तिच्याभोवती जाळी असेल तर ती गिटारची. दोन सारख्या जाड तारा असतील तर स्पीकरची.

गिटार केबलची मधली तार बहुधा ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास असते. १०० वॅट ८ ओहमच्या स्पीकरला दिले तर साधारण साडेतीन अँपिअर वाहतात. अशी १० मीटर केबल लावली तर ८-१० वॅट केबल तापवण्यातच जातात. आवरण मऊ होऊन तार जाळीला टेकलीच, तर शॉर्ट, आणि मग अँपचा आउटपुट उडायची पाळी. केबल मध्येच तुटली तर व्हॉल्व्हवाल्या अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात, कारण त्याला स्पीकरचा भार सुटलेला चालत नाही. उलट, स्पीकरची केबल गिटारला लावली तर जाळीच नाही, त्यामुळे ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांची भुणभुण फुकट.

महागड्या केबलने टोन बदलतो का?

बदलतो, पण कारण वेगळं आणि किमतीशी त्याचा संबंध कमी. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांची थरथर विजेत बदलणारा भाग. साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या पिकअपला केबलची कपॅसिटन्स (वीज थोडी साठवून धरण्याचा गुण) जाणवते. बहुतेक गिटार केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आगेमागे असतात. स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) जातीच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचा इंडक्टन्स (बदलत्या विजेला गुंडाळीचा विरोध) २.५ हेन्री धरा, पिकअपची स्वतःची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरा. ३ मीटर केबलवर पिकअपचा टोकदार उठाव, म्हणजे तो ज्या पट्टीला सगळ्यात जास्त उचलतो ती जागा, ५ किलोहर्ट्झच्या जवळ येते, १० मीटरवर ती ३ किलोहर्ट्झवर उतरते. आवाज गोल, थोडा दबका होतो. कोणाला तोच आवडतो. जुन्या स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या केबलचा मऊपणा याच हिशेबातून येतो.

म्हणजे ६ हजारांची १० मीटर केबल साध्या ३ मीटर केबलपेक्षा दबकी वाजू शकते. घरी ३ मीटर, स्टेजवर ६ मीटर, एवढं पुरे. ट्रू-बायपास पेडल (बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारे) असतील तर गिटारपासून अँपपर्यंतची सगळी लांबी बेरजेत धरा. साखळीत सुरुवातीलाच बफर (पुढच्या केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट) असलेलं पेडल असेल तर फक्त गिटार ते पेडल एवढीच केबल मोजायची. बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रो-अकूस्टिक किंवा कीबोर्ड असेल तर कपॅसिटन्सची चर्चाच सोडा. आणि गडकरी रंगायतनच्या स्टेजवरून प्रेक्षागृहाच्या मागच्या मिक्सरपर्यंत गिटारची केबल ओढायचा विचार मनात आला, तर त्याला तिथेच डीआय बॉक्स दाखवा.

दुकानदाराच्या शब्दापेक्षा मल्टीमीटर बरा. कपॅसिटन्सची रेंज लावा, केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवा, पिनचं टोक आणि बाहेरची नळी यांच्यात मोजा. ६ मीटरला ०.६ नॅनोफॅरड आलं, म्हणजे मीटरला १००. मीटरच्या स्वतःच्या वायरी आधी मोजून तेवढं वजा करायचं.

पैसे खर्चायचेच तर पिनवर खर्चा. न्यूट्रिक कंपनीच्या पिनेसारखी धातूची, आटे सोडून उघडणारी, आत केबल पकडणारा जबडा असलेली पिन. ओतीव प्लास्टिकची बंद पिन आतून तुटली की दुरुस्ती म्हणजे कापणे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात तर लॅमिंग्टन रोडवर केबल मीटरने आणि पिना सुट्या मिळतात. अर्ध्या तासाचं सोल्डरिंग आहे.

त्या अर्ध्या तासातही एक चूक हमखास होते. गिटार केबल सोलली की तांब्याची जाळी, तिच्या आत काळा मऊ प्लास्टिकचा थर आणि त्याच्या आत मधल्या तारेचं आवरण. घाईत तो काळा थर आवरणाचाच भाग समजून ठेवला जातो. तो थर थोडी वीज वाहतो. केबल पायाखाली आली की होणारी खरखर मारायला तो मुद्दाम घातलेला असतो. तो मधल्या तारेच्या सोल्डरला टेकला की सिग्नल जाळीत गळतो, आवाज बारीक आणि मेलेला येतो. मल्टीमीटरच्या 'बीप'वर हे सापडतच नाही, कारण हा पूर्ण शॉर्ट नसतो. टोकापासून ५-६ मिलिमीटर काळा थर काढून टाका, आणि शेवटी मेगाओहमच्या रेंजवर टोक ते नळी मोजा. आकडा दिसताच कामा नये.

लॅपटॉप लावला की भुणभुण

आधी चार्जर काढून बघा. भुणभुण थांबली तर नवी केबल घेऊन काही होणार नाही. लॅपटॉप, अँप, मिक्सर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी राहिली तर ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते साधारण आहे, तुमचं अंग अँटेनाचं काम थांबवतं एवढंच. पण तारांना हात लावून माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं बंद. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहून गाऊ नका.

स्पीकरच्या वायरीत पैसे वाचवायला जाल तर तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम गळ्यात पडतं. एक तार ब्लेडनं खरवडा. आतून लाल निघाली तर तांबं. वरून लाल आणि आतून पांढरी असेल तर परत करा. खरं तांबं असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची १० मीटर जोडी जाऊन-येऊन ०.२३ ओहमची होते, घरच्या ८ ओहमच्या स्पीकरला पुरून उरते.

'ऑक्सिजन-फ्री' तांब्याचा वीजवहनातला फायदा सुमारे एक टक्का. कानाला शून्य.

यूएसबी आणि एचडीएमआय केबल चालते किंवा अडखळते. बास 'उबदार' करत नाही.

कोपराभोवती केबल गुंडाळू नका. आतली तार पिळते आणि पिनेजवळ तुटते. एक वेढा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून, असे गोल घ्या. सोडताना गाठ पडत नाही.

सोनेरी मुलाम्याचा उपयोग एकाच ठिकाणी: महिनोन् महिने न हलणाऱ्या जोडणीला, कारण सोनं काळं पडत नाही. रोज काढा-घाला होणाऱ्या पिनेवरचा पातळ मुलामा घासून जातो. वाशी-ऐरोलीकडच्या खाडीच्या हवेत पावसाळाभर कपाटात पडलेली निकेलची पिन खरखरली तर केबल फेकू नका. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिन पुसा, जॅकमध्ये आठ-दहा वेळा आत-बाहेर करा.